मदतीला आला तो चोरच

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडे, निम्मं जग सुट्टीवर. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाने जाहीर केलं, की लिनक्स सर्व्हरच्या कुलपाची चोरकिल्ली कुणीतरी बनवून ठेवली आहे. त्याला हे कशावरून कळलं? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता, एवढ्यावरून.

फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्यांपैकी एक आहे. तो पोस्टग्रेसचा वेग मोजत बसला होता. मोजमाप नीट यायचं तर मशीन शांत हवं. पण एसएसएच, म्हणजे लांबच्या मशीनमध्ये शिरायचा दरवाजा, प्रोसेसर उगाच खात होता. चुकीच्या नावाने येऊन लगेच हाकलले जाणारे लॉगिनसुद्धा वेळ घेत होते. दुसरा कुणी ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे गेला असता. हा खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या पॅकेजपाशी पोचला.

एक्सझेडचं काम फाइली दाबून लहान करायचं. लिनक्सच्या जगात ते पाण्याच्या पाइपासारखं सगळीकडे गेलेलं आहे, आणि पाइपासारखंच कुणाच्या नजरेत नसतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत चोरवाट होती. बिघडलेली फाइल ओळखता येते का हे तपासायला ज्या नमुना फाइली ठेवतात, त्यांतच ती लपवलेली. ती जागी करणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या गाठोड्यात होती. डेबियन या लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या बीटापर्यंत ती पोचलीही होती. आणखी काही महिने कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर बँका, इस्पितळं, सरकारी कचेऱ्या यांच्या सर्व्हरांवर ती जाऊन बसली असती.

ही चोरवाट ठेवली ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने. तो कोण, एक माणूस की टोळी, कुठल्या देशाचा, हे आजही ठाऊक नाही. त्या दिवसांत सगळ्यांनी हेरगिरीच्या अंगाने पानंच्या पानं लिहिली. मला त्यातलं वेगळंच टोचत राहिलं.

लास्से कॉलिन हा फिनलंडचा माणूस वर्षानुवर्षं एक्सझेड एकट्याने सांभाळत होता. पगार नाही. २०२२ साली त्याच्यावर मेलचा तगादा सुरू झाला. पॅच, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या, का घेत नाहीस, इतका उशीर का, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. कॉलिनने शांतपणे उत्तर दिलं, की माझा रस संपलेला नाही, पण मानसिक आरोग्याचा बरेच दिवसांचा त्रास आहे, ताकद कमी पडते आहे. आणि हे विनापैशाचं, हौसेचं काम आहे हे लक्षात असू द्या. इतकं सगळ्यांसमोर लिहायला किती जड गेलं असेल. त्यावरही तगादा थांबला नाही. तगादा लावणाऱ्यांतलं एक नाव होतं जिगर कुमार. आपल्याकडचंच वाटावं असं नाव, पण त्यामागचा माणूस कुणालाच सापडलेला नाही. अशी नावं त्याच डावातली सोंगं असावीत असं मानलं जातं.

आणि या सगळ्यात नेटाने, न कंटाळता, गोड बोलून मदत करत राहिला तो जिया टॅन. २०२१ पासून त्याने पॅच पाठवले, चाचण्या लिहिल्या, लोकांच्या तक्रारींना उत्तरं दिली. २०२३ मध्ये रिलीजसुद्धा तोच काढू लागला. थकलेल्या माणसाने चाव्या दिल्या. कुणीही दिल्या असत्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. एक्सझेडवर ज्यांचे धंदे चालत होते त्यांच्यापैकी एकही कंपनी दोन वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसायला आली नाही. चोर आला. चोराकडे वेळ होता, चिकाटी होती, शेजारी बसण्याचं महत्त्व त्याला कळलं होतं. प्रामाणिक माणसांना ते कळलं नाही. हा त्या एकट्या फिनिश माणसाचा दोष नाही. आपला सगळ्यांचा आहे.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं असं आपण म्हणतो. कोड सगळ्यांना खुलं असलेलं, म्हणजे ओपन सोर्स, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मेंटेनरला हे तंतोतंत लागू पडतं. फरक इतकाच, की हे लष्कर आता हजारो कोटींची उलाढाल करतं आणि भाकरीला पाच मिनिटं उशीर झाला की थाळी वाजवतं.

थाळी कशी वाजवतात ते मी जवळून पाहिलं आहे. मीही एक छोटं पॅकेज सांभाळते. आकडा दिला की मराठी अक्षरांत रक्कम मिळते. बिलावर, पावतीवर, पगारपत्रकावर खाली ‘अक्षरी रुपये’ असतं ना, ते. ऐकायला सोपं वाटतं. पण इंग्रजीत पंचवीस-तीस शब्दांवर भागतं. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद असं करत यावं आणि पुढच्याच दशकाच्या शेवटी नियम मोडून नव्व्याण्णव. नियम लिहून भागत नाही. शंभरच्या शंभर शब्द हाताने लिहावे लागतात, आणि ‘अडुसष्ट’ की ‘अडसष्ट’ यावर कोल्हापूर आणि नागपूरचं एकमत होत नाही.

एका शुक्रवारी रात्री पावणेअकराला मेल आला. विषय: अर्जंट, प्रॉडक्शन इश्यू. मजकूर एका ओळीचा: रक्कम चुकीची छापली जाते आहे, क्लायंट एस्कलेट करतो आहे, कृपया लगेच दुरुस्त करा. कुठली रक्कम, कुठली आवृत्ती, काय यायला हवं होतं आणि काय आलं, यातलं काहीही नाही. पाठवणारा एका बऱ्याच मोठ्या कंपनीत. मी त्या कंपनीची नोकर नाही, कंत्राटदार नाही, आणि त्यांच्याकडून आजवर मला एक रुपया मिळालेला नाही.

मी उलट विचारलं. उत्तरात मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो आला, त्यात अर्धी ओळ कापलेली. मोठा करून पाहिल्यावर दिसलं: ‘दोन हजार एकशे रुपये फक्त’. हवं होतं ‘दोन हजार शंभर’. पुढे काही असेल तर एकशे, नसेल तर शंभर. एकशे एक, पण नुसतं शंभर. आपण बोलताना हे विचारही न करता करतो. कोडला शिकवावं लागतं.

दोन ओळी बदलल्या. चाचण्या चालवल्या, तर आता एकशे एकचं ‘शंभर एक’ होऊ लागलं. पुन्हा बदल. मग एक ते एक लाख सगळे आकडे पळवले. मग पायथॉनच्या चार आवृत्त्यांवर तपासलं. मग कळलं, की ही मंडळी माझ्या चार वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर आहेत आणि क्लायंटच्या परवानगीशिवाय नवी घेऊ शकत नाहीत. म्हणजे तीच दुरुस्ती जुन्या फांदीवरही हवी. तिथलं कोड वेगळं, पॅच जसाच्या तसा बसत नाही. मग प्रश्न पडला, की कुणी ‘एकशे’च बरोबर समजून त्यावर आपलं काहीतरी बांधलं असेल तर? ते मोडणार. बदलांच्या नोंदीत तसं लिहिलं, आवृत्तीचा आकडा वाढवला, सही करून रिलीज काढलं, जुन्या फांदीचंही काढलं. दोन ओळींची दुरुस्ती आणि अडीच तासांचं काम. घड्याळात पावणेदोन.

सोमवारी उत्तर आलं. आता ‘पैसे’ही छापून हवे आहेत, कधी होईल?

त्या मुलावर माझा राग नाही. तो पंचविशीतला असेल, त्याच्या मागे मॅनेजर, मॅनेजरच्या मागे क्लायंट. त्याने एक ओळ लिहिली कारण पाच ओळी लिहायला त्याला वेळ दिलेला नव्हता. माझा राग त्याच्या टाइमशीटवर आहे. आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या टाइमशीटमध्ये बेंचला कोड असतो, ट्रेनिंगला असतो, टीम आउटिंगलाही असतो. ‘आपण वापरतो ते पॅकेज दुरुस्त केलं’ याला कोड नसतो. ज्याला कोड नाही ते काम झालंच नाही असं धरतात. त्यावर अनेक नेमणूकपत्रांत कलम असतं, की नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कोड कंपनीचं, रात्री घरी बसून लिहिलेलंही. एखाद्याला मनापासून पॅच द्यावासा वाटला तर आधी कायदा विभागाची परवानगी. अर्ज कुणाकडे करायचा हेच महिनाभर कळत नाही. मग तो नाद सोडतो आणि मला मेल लिहितो: अर्जंट.

हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत काचेच्या इमारतींत बसलेल्या साहेबांना माझी विनंती आहे. टाइमशीटमध्ये एक ओळ वाढवा, नेमणूकपत्रातलं एक कलम कमी करा. याला बजेट लागत नाही, सही लागते.

असे मेल लिहिणारे फक्त आपल्याकडेच नाहीत. डॅनियल स्टेनबर्गचं नाव सगळ्यांना ठाऊक नसेल. या स्वीडिश माणसाचं कर्ल १९९८ पासून चालू आहे. इंटरनेटवरून काही आणायचं किंवा पाठवायचं असेल तर मोटारीपासून टीव्हीपर्यंत बहुतेक ठिकाणी आत कुठेतरी कर्ल असतंच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या पॅकेजमध्ये भयानक भोक सापडलं आणि जगभर धावपळ झाली. पुढच्याच महिन्यात एका बड्या अमेरिकन कंपनीने स्टेनबर्गला पत्र पाठवलं: तुमच्या उत्पादनात लॉगफोरजे आहे का, तुम्ही काय पावलं उचलली, चोवीस तासांत कळवा. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, जावाशी त्याचा संबंध नाही. पत्र लिहिणाऱ्याने एवढंही पाहिलं नव्हतं. आपण कुणाचं काय वापरतो हेच त्या कंपनीला माहीत नव्हतं, आणि ज्याला एक पैसा दिला नाही त्याला मुदत घालून जाब विचारायला मात्र ती मोकळी. स्टेनबर्गने सांगितलं, की सपोर्टचा करार करा, मग आनंदाने उत्तर देतो. बरोबर केलं.

त्याच कर्लने सुरक्षेतल्या चुका दाखवणाऱ्यांना बक्षीस ठेवलं होतं. जानेवारी २०२६ च्या अखेरीस ते बंद करावं लागलं. एआयकडून लिहून घेतलेल्या तक्रारींचा पूर आला होता. भाषा सफाईदार, मांडणी नेटकी, आणि दाखवलेली चूक कोडमध्ये अस्तित्वातच नाही. लिहायला मिनिट लागतं. खोटी आहे हे ठरवायला जाणत्या माणसाचे दोन-चार तास जातात, कारण शंभरातली एक खरी असू शकते आणि तीच सुटली तर खापर त्याच्यावर.

कोड लिहिणारे खूप आहेत. दुसऱ्याचं कोड जबाबदारीने वाचणारे फार थोडे, आणि पॅकेज जगतं ते त्यांच्यावर. पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवणाऱ्याला वाटतं आपण भेट दिली. घेणाऱ्याला ती वाचायची असते, तपासायची असते, आणि पाठवणारा निघून गेल्यावर पुढची दहा वर्षं सांभाळायची असते. कुणी कुत्र्याचं पिल्लू आणून दारात ठेवावं तसं आहे हे. गोड असतं, पण रोज खाऊ कोण घालणार?

ऑक्टोबर २०२० आठवतो. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम होता, चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. आपल्याकडच्या एका लोकप्रिय यूट्यूब चॅनेलवर पुल रिक्वेस्ट किती सोपी असते हे दाखवलं गेलं आणि जगभरच्या प्रकल्पांवर ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढेच शब्द जोडलेल्या रिक्वेस्टचा पाऊस पडला. मेंटेनर मंडळींचे दिवसच्या दिवस ते बंद करण्यात गेले. आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलून प्रकल्पाची संमती सक्तीची करावी लागली. पोरांना मी बोल लावणार नाही. त्यांना कॉलेजने कधी दुसऱ्याचं कोड वाचायला बसवलेलं नसतं. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे शून्यातून काहीतरी उभं करायचं, व्हायव्हा द्यायची, आणि जूनमध्ये ते कचऱ्यात. त्याऐवजी एखाद्या चालू पॅकेजमधल्या तीन खऱ्या चुका शोधून, पुन्हा घडवून दाखवून, दुरुस्त करून, ती दुरुस्ती स्वीकारली जाईपर्यंत पाठपुरावा करा, एवढं केलं तरी पूर्ण मार्क द्या. एका विद्यापीठाने मनावर घेतलं तर दोन वर्षांत फरक दिसेल. याची मला खात्री आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इन्ग्रेस एनजिनएक्सची बातमी आली. कुबरनेटिस ही सर्व्हरांचा कळप हाकणारी यंत्रणा वापरणाऱ्या असंख्य कंपन्यांची रहदारी या दारातून आत येत होती. त्याच्या मंडळींनी जाहीर केलं, की मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढं करू, नंतर दार बंद. वर्षानुवर्षं एक-दोन माणसं ऑफिसनंतर आणि शनिवार-रविवारी हे ओढत होती. मदतीची हाक देऊन झाली होती. ती ऐकून टिकणारं कुणी आलं नाही. बंद होणार म्हटल्यावर मात्र सगळे जागे झाले, आणि हळहळही तेव्हाच सुरू झाली.

पैशांचंही बोलू, कारण ते टाळण्यात अर्थ नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड ही चूक सापडली. आपण बँकेची वेबसाइट उघडतो तेव्हा दिसणारं कुलूप निम्म्याहून जास्त इंटरनेटवर याच पॅकेजवर चालत होतं, आणि त्याला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या साधारण दोन हजार डॉलर. पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला: जगात सर्रास वापरलं जाणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहायचं तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील, आणि ते नसतं, प्रत्येक कंपनीला आपापलं लिहावं लागलं असतं, तर ८.८ लाख कोटी डॉलर. या दोन आकड्यांमधली दरी ज्यांच्या खिशात राहिली, त्यांनी त्यातलं चिमूटभर परत द्यावं, इतकं मागणं फार आहे का?

देणारे आहेत. जर्मनीने सरकारी पैशातून यासाठी निधी उभा केला. आपल्याकडे झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला दहा लाख डॉलरचा. शेअर दलालीची कंपनी आहे. ओपन सोर्सवर उभी राहिली आणि ते उघडपणे मानते. बंगळुरूहून हे होऊ शकतं तर मुंबई-पुण्याहून का होत नाही, हा प्रश्न मला दर वर्षी पडतो.

पण नुसत्या पैशाने भागणार नाही. कॉलिनला २०२२ मध्ये चेक मिळाला असता तर बरंच झालं असतं, पण त्याहून जास्त गरज होती ती विश्वासाच्या डोळ्यांच्या दुसऱ्या जोडीची. ‘या आठवड्यात मी बघतो, तू झोप’ असं म्हणणाऱ्याची.

आता आपल्या भाषेचं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द पाहा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना दक्षिणा, आचाऱ्याला मजुरी. हा फरक एका बारीकशा ‘र’मध्ये आहे. एक र डोक्यावर चढतो, दुसरा पापणीसारखा पुढच्या अक्षराला बिलगतो. हा पापणीचा र मोबाइलच्या पडद्यावर आपोआप उमटत नाही. फाँटमध्ये त्याचं चित्र असावं लागतं, आणि कुठल्या अक्षरांच्या ओळीला ते चित्र लावायचं हे ठरवणारा नियम कोडमध्ये लिहिलेला असावा लागतो. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत ते काम करतं हार्फबझ नावाचं ओपन सोर्स पॅकेज. नाव फारसीवरून आलेलं, ते घडवणाऱ्यांत पुढे असलेला बेहदाद एस्फहबोद मूळचा इराणचा. मराठी ही त्याची भाषा नव्हे. तरी आपल्या दऱ्या समुद्र होऊ नयेत याची काळजी त्या कोडमध्ये घेतलेली आहे.

जे आज नीट दिसतं ते तसंच राहील असं नाही. फाँटची नवी आवृत्ती आली, कुणी हौशीने नियम ‘सोपा’ केला, की पापणी गळून पडते. ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येणार? जिनिव्हातल्या किंवा टोरांटोतल्या माणसाच्या नाही. तुमच्या येणार. तुम्ही काय करता? स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकता, ‘बघा मराठीची अवस्था’. पन्नास लोक रडका चेहरा पाठवतात. ज्या ठिकाणी चूक नोंदवायची असते तिथे पन्नासांतला एकही जात नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच ग्रुपांवर फटाके वाजले होते. अभिमान खरा होता, मलाही झाला. त्या अभिमानाला दहा मिनिटांचं काम द्या. कुठल्या फोनवर, कुठल्या ॲपमध्ये, कुठला शब्द, कसा दिसतो, कसा दिसायला हवा, हे पाच मुद्दे लिहून पाठवायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. मराठी यावं लागतं. ते तुम्हाला येतं, तिकडच्या माणसाला येत नाही.

माझ्या पॅकेजला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी मदत वेंगुर्ल्याच्या एका शाळेतल्या बाईंची. त्यांनी कोडची एकही ओळ लिहिलेली नाही. त्यांनी एक ते शंभर आकडे वहीत लिहिले, शेजारी आपल्या भागात कसे म्हणतात ते लिहिलं, जिथे दोन रूपं आहेत तिथे दोन्ही, आणि पानांचे सरळ, उजेडात काढलेले फोटो पाठवले. त्र्याहत्तरच्या शेजारी पेन्सिलीने टीप होती: ‘मुलं इथे हमखास चुकतात’. मी तपासलं. आमच्या यादीतही तिथेच चूक होती. पाच वर्षं कुणाला दिसली नव्हती.

गेल्या महिन्यात एका अनोळखी माणसाचा मेल आला. तुमचं पॅकेज वापरतो, तुम्ही एकट्याच दिसता, थोडा भार उचलू का? तीन वर्षांपूर्वी असा मेल आला असता तर मी त्याच रात्री चाव्या दिल्या असत्या. या वेळी आधी त्याची जुनी कामं शोधत बसले. नाव खरं आहे का, आणखी कुठे लिहितो का, कुणी ओळखतं का. शोधताना वाईट वाटत होतं. बहुधा तो साधासरळ, भला माणूस असेल, आणि मी त्याच्याकडे संशयाने पाहत होते. जिया टॅनने आमचं आणखी काय चोरलं असेल तर हे.

शेवटी मी त्याला ‘हो’ कळवलं. रिलीजच्या चाव्या अजून दिलेल्या नाहीत. दिलं आहे ते सहा महिने पडून असलेलं एक काम: अडुसष्ट की अडसष्ट, कुठे काय म्हणतात ते विचारून या, आणि दोन्ही चालतील अशी सोय करा. कालच त्याचा मेल आला. त्याने परभणीच्या मामाला फोन केला होता. मामांनी तिसरंच रूप सांगितलं. विचारतोय, तेही घालू का?